तिसऱ्या महिन्याची लेक

पिवळ्या माशाच्या कल्ल्यातून पेंढ्याची दोरी ओवून ओकबुनने ती ओढली आणि म्हणाली, "ए." दुसरा मासा ओवला. "बो." तिसऱ्याला दोरी अडली. तिने टोक ओठांत धरून ओले केले आणि पुन्हा घातले. "रे." मग "सु" झाले, "तिंग" झाले, आणि पाच माशांत एक शब्द संपला. सहाव्या माशाला ती पुन्हा "ए"वर आली.

शेजारच्या गाळ्यात खारवलेली कोळंबी विकणारी चोन्जूवाली बराच वेळ हे ऐकत होती. गुन्सान या कोरियन बंदराच्या मासळीबाजारात बायकांना नावाने कोणी हाक मारत नाही, माहेरचे गाव हीच ओळख. त्या हिशेबाने ओकबुन ही बुआनवाली. पन्नाशी आली, माहेरचे घर पडून तिथे भाताची गिरणी उभी राहिली, तरी ती बुआनवालीच.

"काय गं बुआनवाली, मासे ओवतेस की जप करतेस?"

"इंग्रजी आहे ते."

"अगं बया! म्हणजे आता आपले मासे अमेरिकेला निघाले वाटतं?" चोन्जूवाली खदाखदा हसली आणि मधेच थांबली. सबंध बाजारात ही गोष्ट तिला एकटीलाच माहीत होती. तिने पिंपावर झाकण ठेवले आणि आवाज उतरवला. "शनिवारी ना?"

"शनिवारी."

"मग जरा मोठ्यानं म्हण. तिथं गेलीस की तुझ्या तोंडून चकार शब्द निघायचा नाही, मी ओळखून आहे तुला."

ओकबुनने मान हलवली आणि पुढचा मासा उचलला.

संध्याकाळी मेंग मास्तर आले. मुलांच्या शाळेतून निवृत्त झालेले हे गृहस्थ ओकबुनच्या घरावरच्या माडीत भाड्याने राहत. उभ्या आयुष्यात त्यांनी हजारो पोरांना इंग्रजी शिकवले होते. इंग्रजी बोलणाऱ्या माणसासमोर तोंड उघडायची वेळ मात्र त्यांच्यावर कधीच आली नव्हती, त्यामुळे त्यांचा आत्मविश्वास शाबूत होता. ते उलट्या टोपलीवर बसले, काठी गुडघ्यांत धरली आणि म्हणाले, "हं, म्हणा."

"एबोरेसुतिंग."

"बो नाही, व्हो. खालचा ओठ वरच्या दातांखाली घ्या. असा."

ओकबुनने ओठ दातांखाली घेतला. "ब्हो."

"आणि रे नाही, लॅ. जीभ दातांच्या मागे टेकवायची आणि सोडायची."

"रॅ."

"लॅ!"

"मास्तर, जन्मभर ही जीभ तोंडात स्वस्थ पडून होती. आता पन्नाशीला तिला कुठं कुठं धाडता?"

"जीभ कसली स्वस्थ! अख्खा बाजार हलवून सोडते, तेव्हा नाही दमत ती?" मास्तर म्हणाले. "पुन्हा म्हणा."

हा शब्द ठरायलाच पंधरवडा गेला होता. पहिल्या दिवशी ओकबुनने मास्तरांना फक्त एवढेच विचारले होते, की इंग्रजीत 'कायमचं' कसं म्हणतात. मास्तर खुलले. पर्मनंट म्हणजेही कायमचे, पण ते नोकरीला आणि केसांना लावतात. इटर्नल हे चर्चवाल्यांचे, त्यात मेल्याशिवाय प्रवेश नाही. लाँग म्हणजे नुसते लांब, ते केव्हातरी संपते. मग त्यांनी काठीने फरशीवर एक रेघ ओढली, ती गाळ्याच्या बाहेर, पाण्याच्या गटारापर्यंत नेली आणि म्हणाले, "एव्हरलास्टिंग. हे चालतच राहतं."

"याला मुदत नाही?"

"नाही."

"मग हेच द्या. 'तू माझी एव्हरलास्टिंग लेक आहेस.' असं बसवा."

मास्तरांनी नाक मुरडले. "तसं कोणी म्हणत नाही हो. माय एव्हरलास्टिंग लव्ह म्हणा. माझं अखंड प्रेम. व्याकरणातही बसतं, कानालाही बरं लागतं. लेक कधी एव्हरलास्टिंग असते का?"

"प्रेम म्हणायला मला तोंड नाही, मास्तर." ओकबुन फळीवरचे खवले खरवडत होती, तिने वर पाहिले नाही. "लेक मात्र ती आहेच. मी काही केलं, काही नाही केलं, तरी आहेच. ते पुसता येत नाही. तेवढंच मला माझ्या तोंडानं सांगायचंय, मधे दुभाषी नको."

व्याकरण बाजूला ठेवून मास्तरांनी ते वाक्य तसेच्या तसे बसवून दिले.

पंचवीस वर्षांपूर्वी तिसऱ्या खेपेला ओकबुन बाळंत झाली त्याच्या आदल्याच हिवाळ्यात नवऱ्याची होडी परत आली नव्हती. घरात दोन मुली, सासू आणि रिकामी चूल. तिसरीही मुलगीच झाली. सासूने सुईणीला वाटेला लावले, नाळ पुरली, आणि बाळंतिणीसाठी समुद्री शेवाळाचे सार रटरटत ठेवले, रीतीप्रमाणे. तिसऱ्या दिवशी ओकबुन सार पीत असताना सासूने बाळ पाठीला बांधले आणि 'जरा उन्हात फिरवून आणते' म्हणून बाहेर पडली. अंधार पडल्यावर ती परत आली ती मोकळ्या पाठीने. स्टेशनाजवळच्या पोलीस चौकीच्या पायरीवर ठेवले, एवढेच तिने सांगितले. "अमेरिकेत पाठवतात म्हणे. तिथं पोटभर खाईल." ओकबुन ओरडली नाही, धावत सुटली नाही. ती उरलेले सार प्यायली. हे तिने पुढे कोणालाही सांगितले नाही आणि स्वतःला कधी माफही केले नाही. थोरल्या दोघींना 'बाळ गेलं' म्हणून सांगण्यात आले. त्या लग्न होऊन दूर गेल्या, सासू मेली, तरी तेच खरे राहिले.

दर वर्षी तिसऱ्या महिन्याच्या बाराव्या तिथीला, बार्लीला ओंब्या धरायच्या सुमाराला, ती शेवाळाचे सार करी. कोरियन घरांत लेकराच्या वाढदिवसाला तेच करतात. कोणी विचारले तर म्हणे, उगीच, खावेसे वाटले. भांडेभर सार ती एकटी बसून संपवत असे.

मग टीव्हीवर ती परदेशात वाढलेली मुले दिसू लागली, आईबापांना शोधत आलेली. दोन वर्षे ओकबुन नुसती बघत राहिली. तिसऱ्या वर्षी तिने मनाचा हिय्या केला आणि सोलमधल्या एका संस्थेला फोन लावला. पलीकडच्या मुलीने विचारले तेवढे तिने भराभरा सांगितले, कारण थांबली असती तर तिने फोन खाली ठेवला असता. वर्ष कोणते, चौकी कोणती, जन्मतारीख काय. उन्हाळाभर काहीच कळले नाही. आणि गेल्या महिन्यात फोन आला, की वर्ष, चौकी, तारीख सगळे जुळले, मुलगी सापडली. त्या काळी जुळवाजुळव कागदांवरूनच होई.

शनिवारी पहाटेच्या बसने ती निघाली. मांडीवर साराचा थर्मास धरला होता. बाहेर कापणी झालेली शेते मागे जात होती, झाडांवर पर्सिमनची फळे लाल झाली होती, आणि ती खिडकीकडे तोंड करून ओठ दातांखाली घेत होती. शेजारचा माणूस उठून दुसऱ्या बाकावर जाऊन बसला.

संस्थेच्या दारात बान नावाची मुलगी उभी होती. फोनवरची ती हीच. वय असेल सत्तावीस-अठ्ठावीस. येणाऱ्या प्रत्येक बाईला ती 'आई' म्हणत असे. तो तिथला शिरस्ताच होता, आणि दिवसभरात किती आया तिच्या हातून जात असतील ते तीच जाणे.

"आलात आई? जेवलात का? ती आत आहे. सकाळपासून तीनदा तोंड धुऊन आली." तिने ओकबुनचा दंड धरला. "घाबरू नका. ती जास्त घाबरलीय."

ओकबुनने दारात बूट काढले, तर शेजारी दुसऱ्या बुटांचा एक जोड होता, हा एवढा थोरला.

खोलीत गादीवर एक उंच, रुंद खांद्यांची मुलगी बसली होती. मांडी घालायची सवय नसल्यामुळे तिचे गुडघे वर आले होते. ती धडपडत उठली, टेबलाला धडकली, "सॉरी" म्हणाली, आणि मग दोघी एकमेकींसमोर नुसत्या उभ्या राहिल्या. बानने नाव सांगितले. मार्नी.

ओकबुनने तिचा चेहरा निरखून पाहिला. कपाळ नवऱ्याचे होते. हनुवटी थोरलीची. डाव्या भुवईचा केस थोडा उलटा होता, तो तर थेट ओकबुनच्या बापाचा. शोधायला बसले की सगळे सापडते. पंचवीस वर्षे ती ज्या चेहऱ्याला नाक-डोळे लावू शकली नव्हती, तो पाहतापाहता तयार झाला. तिने दोन्ही हात पुढे केले आणि मार्नी वाकून, एवढी उंच मुलगी अर्धी होऊन, त्यांच्यात आली.

चोन्जूवालीचे म्हणणे खरे ठरले, पहिल्यांदा आवाजच फुटला नाही. ओकबुनने मार्नीला खांद्यांना धरून जरा लांब केले, ओठ दातांखाली घेतला, जीभ टेकवली आणि म्हणाली, "यू आर माय एव्होलॅस्तिंग दोतो."

मार्नीने गोंधळून बानकडे पाहिले. बान सांगायला पुढे झाली, तसा ओकबुनने हात वर करून तिला थोपवले. मास्तरांनी सांगितले होते, घाई करू नका, एकेक अक्षर ठेवा. तिने पुन्हा म्हटले. या खेपेला तिने एकेक अक्षर ठेवले.

"एव्हरलास्टिंग?" मार्नीने विचारले.

ओकबुनने मान हलवली. "एव्हरलास्टिंग."

मार्नीने दोन्ही तळव्यांनी तोंड झाकले. तिचे खांदे हलू लागले आणि ती खालीच बसली, गुडघे कसेही पडले तरी तिला त्याची शुद्ध नव्हती. ओकबुन तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. जीव भांड्यात पडला म्हणतात, तो तसा पडलेला तिने आयुष्यात पहिल्यांदाच अनुभवला. सांगायचे होते ते सांगून झाले होते, आणि ते पोहोचलेही होते.

मग थर्मास उघडला. बानने वाडगा आणून दिला. शेवाळ बुळबुळीत लागते, सवय नसलेल्याच्या घशाखाली ते सहजी उतरत नाही. मार्नीने पहिला घोट घेतला, थांबली, आणि डोळे मिटून तो गिळला. दुसरा तिने डोळे उघडे ठेवून घेतला.

"वाढदिवसाचं सार आहे म्हणावं," ओकबुन म्हणाली. "राहिलेल्या सगळ्या वाढदिवसांचं एकदमच."

बानने ते सांगितले. मार्नी रडता रडता हसली आणि भरभर बोलू लागली. बान तिच्यामागून बाजारातल्या घाईने भाषांतर करत धावत होती, एक वाक्य संपायच्या आत दुसरे येत होते.

"ती म्हणते, तिकडच्या आईनं तिच्यापासून काही लपवलं नाही. दर वाढदिवसाला ती हिला जन्माची गोष्ट सांगायची. त्या रात्री म्हणे इतका बर्फ पडला होता, की चौकीची पायरी दिसत नव्हती. पोलिसाला आधी वाटलं, कोणीतरी बोचकं टाकलंय. मग त्यानं स्वतःचा कोट काढून हिला गुंडाळलं. म्हणून दर बारा मार्चला त्या मायलेकी दारात बर्फाचा पोलीस करायच्या. त्याला खराखुरा कोट घालायच्या." बान हसली. "चौकीच्या नोंदीतही तसंच आहे, आई. जोराचा बर्फ, आणि नाळ अजून ओली. त्यावरूनच तर तारीख ठरली."

ओकबुनही हसत होती. हसतच तिने विचारले, "बर्फ?"

"हो. मार्चमधला. उशिराचा पडतो ना कधी कधी."

ओकबुनचे हसू तोंडावर तसेच राहिले. तिच्या बाळंतपणात खिडकी सताड उघडी होती. बाहेर बेडूक ओरडत होते, रात्रभर. सकाळी सासूने एक मधमाशी हाताने हाकलली होती. शेतात कमरेला लागेल एवढी बार्ली उभी होती आणि तिला नुकत्या ओंब्या धरल्या होत्या.

तिसरा महिना, बारावा दिवस. फोनवर तिने असेच सांगितले होते. तिच्या घरात जन्म, मरण, श्राद्ध, सगळे चंद्राच्या तिथीने चालत आले होते. कॅलेंडरच्या तारखा सरकारपाशी, शाळेत, बँकेत. कोरियन महिन्यांना नावे नाहीत, नुसते आकडे. चंद्राचा तिसरा महिनाही तिसरा आणि कॅलेंडरचा मार्चही तिसराच. दोहोंमध्ये त्या वर्षी सहा आठवड्यांहून जास्त अंतर पडले होते. तिथीने सांगतेय हे तिने सांगितले नव्हते, कारण बाळाचा जन्म दुसऱ्या कशाने सांगतात हे तिच्या डोक्यातच आले नव्हते. आणि सोलमध्ये जन्मलेल्या बानने विचारले नव्हते, कारण तिच्या डोक्यात तिथी आलीच नव्हती. चूक कोणाचीच नव्हती. त्या चौकीच्या पायरीवर त्या एका वर्षात किती बाळे ठेवली गेली असतील, कोण जाणे. बर्फात ठेवलेले हे बाळ कोणा दुसरीचे होते.

कपाळ कोणाचेच नव्हते. हनुवटी कोणाचीच नव्हती. ओकबुनने पुन्हा पाहिले, तर समोर एक अनोळखी, भल्या चेहऱ्याची मुलगी बसली होती आणि तिचे नाक रडून लाल झाले होते.

"बान," ती म्हणाली.

"काय आई?"

मार्नीने वाडगा कलता केला होता आणि तळाचे सार ती चमच्याने खरवडून घेत होती.

"काय झालं आई? पांढऱ्याफटक पडलात. पाणी देऊ?"

"नको."

बान तिच्याजवळ सरकली आणि हळूच बोलू लागली. आपल्या भाषेत बोलायचे म्हणजे मार्नीला कळणार नव्हतेच, तरी ती हळू बोलत होती. "मला समजतं. असं होतं बऱ्याच जणींचं, इतक्या वर्षांनी एकदम. पण तुम्ही आलात ते फार बरं झालं. ही आधी दोनदा येऊन गेली. हिची चौकशी करणारं कोणी म्हणजे कोणी नव्हतं, एक फोन नाही. मागच्या खेपेला विमानतळावर मीच सोडायला गेले होते. ही फरशीवर बसून राहिली, उठेचना. म्हणाली, आता पुन्हा नाही येणार. तुमचा फोन आला तेव्हा मीच हट्टानं बोलावून घेतलं हिला. शेवटचं म्हणून."

ओकबुनने मांडीवरच्या हातांकडे पाहिले. नखांत माशांचे खवले होते, कितीही घासले तरी ते निघत नाहीत. सांगायला एकच वाक्य पुरले असते, तेही आपल्याच भाषेतले, त्याला ना ओठ चावायला लागणार होता ना जीभ टेकवायला. मग बान फाइल उघडेल, बोट फिरवेल, कपाळाला हात लावेल. मग ती मार्नीकडे वळेल आणि इंग्रजीत सांगेल. तिथपर्यंत ओकबुनचे मन जाई आणि परत येई.

आणि दुसरीकडे तिची स्वतःची पोर होती. एप्रिलात पायरीवर ठेवलेली. जिवंत असेल तर कुठेतरी, कोणत्या तरी देशात. तिच्या कागदावर कोणती तारीख पडली असेल? ती आली असेल का कधी इथे, दोनदा, तीनदा? फरशीवर बसली असेल का? तिला कोणी बोलावून घेतले असेल का, चुकीच्या बाईकडे? त्या बाईलाही हे असेच मधेच उमगले असेल, तर तिने काय केले असेल? ओकबुनने त्या न पाहिलेल्या बाईला मनातल्या मनात हात जोडले. गप्प बैस गं बाई, ती म्हणाली. माझ्या लेकराला सांगू नकोस. पोटाशी धर आणि गप्प बैस.

एवढे मागितल्यावर तिला स्वतःला बोलायची सोय उरली नाही.

"भात नाही आणला बरोबर," ती म्हणाली. "नुसतं सार कितीसं पोटाला लागणार. थोडा भात मिळेल का इथं?"

बानने कुठून तरी भाताची एक वाटी पैदा केली. मार्नीने तो उरलेल्या सारात कालवला, तिला कोणी न सांगता. ओकबुन तिच्याकडे बघत राहिली.

जेवण झाल्यावर मार्नीने चमचा खाली ठेवला, हात पुसले आणि सावकाश काहीतरी विचारले. हा प्रश्न तिने पुष्कळ दिवस जपून ठेवलेला असावा, कारण विचारताना ती लहान दिसू लागली.

"ती विचारते," बान म्हणाली, "तुम्ही हिचं नाव ठेवलं होतं का? तिच्या कागदावरचं कोरियन नाव त्या अनाथालयातल्या कारकुनानं लिहिलेलं आहे. तिला तुमचं हवंय. नसेल ठेवलं तरी चालेल म्हणते."

नाव होते. बोम्सुन, वसंतातली. त्या तीन दिवसांत, सासू बाहेर असताना, ओकबुनने ते बाळाच्या कानात दोनदा म्हटले होते. त्यानंतर ते कोणापुढेही उच्चारले नव्हते, चोन्जूवालीपुढेही नाही. बोम्सुनचे म्हणून या जगात तेवढेच काय ते शिल्लक होते. आता ते जिभेच्या टोकावर आले, आणि ओकबुनने तोंड घट्ट मिटून घेतले.

मार्नी थांबून होती. "इट्स ओके," ती म्हणाली. तिने हसायचा प्रयत्न केला.

"सोल्ह्वा," ओकबुन म्हणाली.

"सोल्ह्वा?"

"बर्फातलं फूल म्हणावं तिला." ती बानकडे वळली, म्हणजे मार्नीकडे बघावे लागू नये. "बर्फ फार होता ना त्या रात्री. खिडकी उघडवत नव्हती. म्हणून सोल्ह्वा."

बानने सांगितले. मार्नीने ते नाव एकदा मोठ्याने म्हटले, मग स्वतःशीच, मग पुन्हा मोठ्याने. मग ती टेबलाला वळसा घालून आली आणि तिने ओकबुनच्या खांद्यावर डोके ठेवले. डोके जड होते. ओकबुनने तिच्या केसांवर हात ठेवला. तिला दया आली, मायाही आली, आणि त्याच क्षणी तिला इतके एकटे वाटले, जितके सासू मोकळ्या पाठीने परतली त्या संध्याकाळीही वाटले नव्हते. त्या दिवशी निदान शोधायला तरी कोणी उरले होते.

निघायची वेळ झाली. मार्नी पुढे गेली. बान टेबलावरच्या दोन फायली एकावर एक ठेवून नाडीने बांधत होती, एक मार्नीची आणि एक ओकबुनची.

"या दोन्ही आता कपाटात," ती समाधानाने म्हणाली. "वर्षाकाठी अशा चार बांधायला मिळाल्या तरी खूप झालं, आई."

ओकबुन थांबली. "बाळ, समजा त्याच चौकीवरची, त्याच वर्षीची दुसरी कोणी पोर आली. आईला शोधत—"

"येतात की. सारख्या येतात." बानने गाठ मारून नाडी दातांनी ओढली. "पण आता तुम्हाला कशाला त्याचा घोर? तुमची तर मिळाली!"

दारात मार्नी उकिडवी बसली होती. तिने ओकबुनचे बूट उचलून, टाचा आत आणि टोके बाहेर असे, तिच्या पायांसमोर सरळ करून ठेवले होते, आणि एका बुटाची टाच बोटाने उघडी धरून ती वर बघत होती. ओकबुनने आधारासाठी तिच्या रुंद खांद्यावर हात टेकला.

"हो," ती म्हणाली. "मिळाली."